वाढलेल्या बांगड्यांचे मणी: घानाच्या क्रोबो कार्यशाळेत टाकाऊ काच कशी घडवायची

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. आई वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे कधी कचऱ्यात टाकत नसे. एका पत्र्याच्या डब्यात ते साठत राहायचे, बहुतेक हिरवेच. नोकरीसाठी घानाला, अक्रा शहरात राहायला निघाले तेव्हा त्यातले मूठभर तुकडे मी कापडात गुंडाळून सामानात ठेवले. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. पुढे कळलं की अक्राच्या ईशान्येला दोनेक तासांवर ओडुमासे क्रोबो आणि सोमान्या ही गावं आहेत, आणि तिथले क्रोबो समाजाचे कारागीर बाटल्यांच्या काचांपासून मणी घडवतात.

तिथे जाणारे बहुतेक पाहुणे अर्ध्या तासात प्रात्यक्षिक बघतात, माळ विकत घेतात आणि निघतात. माझा आग्रह आहे की दोन दिवस काढा आणि काच फोडण्यापासून मणी ओवण्यापर्यंतचं सगळं काम स्वतःच्या हातांनी करा. दोन्ही दिवस हाताशी काय लागतं आणि कुठे चुकतं, ते पुढे सांगते.

निघण्याआधी

भारतातून जाणार असाल तर सर्वात आधी पिवळ्या तापाची लस. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकच डोस आयुष्यभर चालतो. घानात शिरताना हे प्रमाणपत्र लागतं आणि भारतात परततानाही लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईहून साधारणपणे अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जातात.

दिवस निवडताना पाऊस बघा. दक्षिण घानात एप्रिल ते जुलै मोठा पाऊस असतो आणि जूनमध्ये तो सर्वात जास्त. भट्ट्या छपराखाली असतात, पण सरपण ओलं झालं की कामाचा वेग मंदावतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. सहाराकडून येणारा धुळीचा वारा, हरमाटन, याच दिवसांत वाहतो. दम्याचा त्रास असेल तर त्याचाही विचार करा.

कपडे सुती आणि अंगाबरोबरचे घ्या. नायलॉनवर ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं. ओढणी किंवा पदर नको, केस घट्ट बांधलेले हवेत, पायात बंद बूट हवेत. घरून दोन गोष्टी आवर्जून न्या: एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर पूर्ण बसणारा चष्मा. कार्यशाळेत त्या मिळतीलच असं नाही. मी गेले तिथे कारागीर तोंडाला नुसतं फडकं बांधून काच कुटत होते. काचेची बारीक पूड घशाला आणि डोळ्यांना फार त्रास देते. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी काढून ठेवा.

काच घरून नेणार असाल तर ती जाड कापडात बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या सामानात काचेचे धारदार तुकडे चालत नाहीत.

कार्यशाळा ठरवताना

क्रोबो भागात मणी करणारी घरं बरीच आहेत. काही मोठी आणि पाहुण्यांना सरावलेली, काही अंगणात एका भट्टीवर चालणारी. कुठेही गेलात तरी सुरुवातीलाच विचारून घ्या: मला स्वतः काच कुटू द्याल का, साचा भरू द्याल का, आणि केलेले मणी दुसऱ्या दिवशी मिळतील का? शिकवण्याच्या पैशांत सरपण धरलं आहे की भट्टीचे वेगळे, तेही आधी बोला. भट्टी एका माणसाच्या दहा मण्यांसाठी पेटवत नाहीत. ती कारागिराच्या रोजच्या कामाबरोबर लागते, आणि वेळ तिच्या सोयीनं ठरते.

एक गोष्ट आपल्या लोकांना सांगावी लागत नाही, तरी सांगते. देताना-घेताना उजवा हात वापरा. घानात डावा हात पुढे करणं हा अपमान समजतात. आल्याबरोबर कामाचं बोलू नये. आधी सगळ्यांना नमस्कार, चौकशी, मग बसणं, मग काम. वयानं मोठ्या बाईला मी ‘आंटी’ म्हणायचे, तिथे सगळेच म्हणतात. फोटो विचारून काढा.

जमलं तर आदल्या दिवशी किंवा नंतर जवळच्याच आगोमान्या गावचा बाजार बघा. तो बुधवारी आणि शनिवारी भरतो. कोफोरिडुआ शहरातला मण्यांचा बाजार गुरुवारचा. जुने व्हेनिसचे आणि बोहेमियाचे मणी, जे कधीकाळी युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत आणले, ते आजही तिथे नव्या क्रोबो मण्यांच्या शेजारी मांडलेले दिसतात. ते हातात घेऊन बघितले की आपल्याला काय करायचं आहे याची नजर तयार होते. पैसे देताना लक्षात आलं, घानाच्या चलनाचं नाव ‘सेडी’ हे आकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आलं आहे. पूर्वी तिथेही कवड्यांवरच व्यवहार चालायचा.

क्रोबोंसाठी मणी नुसता दागिना नाही. मुली वयात आल्या की ‘दिपो’ हा संस्कार होतो, त्यात मुलीच्या कमरेला, गळ्यात, हातात, पायांत मण्यांचे सर घालतात. त्यांतले कित्येक आजी-पणजीकडून आलेले असतात. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून कार्यशाळेत कुणी जुना मणी दाखवायला काढला तर तो दोन्ही हातांनी घ्या आणि किंमत विचारू नका.

काच निवडणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. नियम एकच: एका मण्यात एकाच जातीची काच. तापल्यावर प्रत्येक काच वेगळ्या प्रमाणात पसरते आणि थंड होताना वेगळ्या प्रमाणात आकसते. बाटलीची काच आणि खिडकीची काच एकत्र वितळवली तर मणी भट्टीतून चांगला निघतो आणि दुसऱ्या दिवशी टचकन तडकतो. स्वयंपाकघरातली उष्णता सोसणारी काच तर अजिबात नको. ती या भट्टीत नीट वितळतच नाही.

बाटल्या पाण्यात भिजवून लेबल आणि डिंक पूर्ण काढा. कागद राहिला तर जळून काळे ठिपके पडतात. तोंडाशी झाकणाची धातूची कडी असेल तर ती आधी उचकटून काढा.

रंगाचा एक धडा मला पहिल्याच तासाला मिळाला. हिरव्या बाटलीची पूड हिरवी दिसत नाही, जवळजवळ पांढरी दिसते. कण बारीक झाले की उजेड विखुरतो आणि रंग फिका पडतो. त्या पुडीचा मणीही दुधी आणि अपारदर्शक होतो, कारण कणांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपात आत अडकते. म्हणून पुडीच्या मण्यांना गडद रंग हवा असेल तर मातीच्या भांड्यांवर वापरतात तो भट्टीत टिकणारा रंग पुडीत मिसळतात. याउलट काचेचे खडे, म्हणजे तुरीच्या डाळीएवढे तुकडे, वितळवले तर मूळ रंग आणि पारदर्शकपणा दोन्ही टिकतात. माझ्या बांगड्यांसाठी हाच मार्ग होता.

बांगड्यांची काच बाटलीपेक्षा वेगळी असते, म्हणून ती बाटलीच्या काचेत मिसळू नका, बांगड्यांचे मणी बांगड्यांचेच करा. वर सोनेरी नक्षी, खडे किंवा लाख असेल तर ते तुकडे बाजूला काढा. हिरव्याला हिरवं ठेवता येतं. लाल आणि नारिंगी काच पुन्हा तापल्यावर रंग बदलू शकते, तेव्हा आधी एकच मणी करून बघा.

कुटणं आणि चाळणं

काच कुटायला लोखंडी खल आणि जड लोखंडी मुसळ असतं. बाटली आधी गोणपाटात गुंडाळून फोडायची, मग तुकडे थोडे थोडे खलात घालायचे. मुसळ वरून आपटू नका. उचला आणि त्याच्या वजनानं पडू द्या. आपटलं की तुकडे उडतात आणि मनगटही लवकर भरून येतं. खलाचं तोंड फडक्यानं झाका, मुसळापुरती जागा ठेवा.

एका बाटलीला मला जवळजवळ तास लागला. कुटून झालं की चाळणी, आणि बारीक कामासाठी वस्त्रगाळ. आपल्याकडे औषधांची पूड वस्त्रगाळ करतात, अगदी तशी. पूड बोटांत चोळली (हातमोजे घालून) तर पिठीसाखरेसारखी लागली पाहिजे. चाळणीत राहिलेला रवा टाकू नका, तो पुन्हा खलात. पूड झाल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवा. मुसळाचा लोखंडी कीस त्यात उतरलेला असतो आणि तो राहिला तर मण्यावर तपकिरी डाग येतात. हा चुंबक मी घरून नेला होता. तिथल्या आंटींना तो इतका आवडला की त्यांच्याकडेच ठेवून आले.

अंदाजासाठी सांगते, २०० ग्रॅमच्या बाटलीतून मध्यम आकाराचे चाळीस-पन्नास मणी निघतात. सांडलवंड धरून तीस मिळाले तरी समाधान माना.

साचा भरणं

साचे मातीचे, थाळीसारखे, त्यांत ओळीनं गोल खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मधोमध एक बारीक खाच असते. तिचं काम पुढे कळेल. भरण्याआधी साच्याला आतून पांढऱ्या चिनी मातीचा पातळ लेप द्यायचा. हा लेप नसेल तर काच मातीला धरते आणि मणी साचा फोडल्याशिवाय निघत नाही. लेप ताकाएवढा पातळ हवा. जाड झाला तर त्याच्या खपल्या मण्यात रुततात. वाळू द्या, आणि दर भट्टीला नव्यानं द्या.

मण्याला भोक कसं पडतं, हे मला आधी कोडं होतं. उत्तर आहे कसाव्याच्या पानाचा देठ. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा कसावा. देठाचा तुकडा तळाच्या खाचेत उभा रोवायचा आणि भोवती पूड भरायची. भट्टीत देठ जळून राख होतो आणि त्याच्या जागी भोक राहतं. देठ सरळ उभा आहे ना, हे साचा डोळ्यांच्या पातळीवर उचलून बघा. थोडा कलला तरी मणी माळेत तिरका बसतो. देठ फार बारीक घेतला तर वितळलेली काच भोक बुजवते. बारक्या काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड असा देठ मला बरा वाटला.

पूड लहान चमच्यानं किंवा दुमडलेल्या कागदावरून हळू सोडा. एकाच रंगाचा मणी करायचा असेल तर सरळ भरा. पट्टे हवे असतील तर रंगीत पुडीचे थर एकावर एक द्या आणि साचा हलवू नका. थर दिल्यावर बारीक टोकदार काडी खळग्याच्या कडेनं वरून खाली खुपसून काढली की थर एकमेकांत उतरतात आणि पिसासारखी नक्षी येते. हे मला सर्वात आवडलं. रांगोळीत रेघ ओढून पाकळी काढतो तसाच हात इथे लागतो. वितळल्यावर पूड खाली बसते, मणी साच्यापेक्षा बुटका होतो, तेव्हा खळगा काठोकाठ भरा आणि वर किंचित शीग ठेवा.

खड्यांच्या पारदर्शक मण्यांत देठ लावत नाहीत. नुसते तुकडे खळग्यात रचतात. भोक नंतर, काच मऊ असताना पाडतात.

भट्टी

भट्ट्या मातीच्या, घुमटाकार, समोर तोंड असलेल्या. माती वारुळाची वापरतात, कारण ती चिकट असते आणि धग चांगली सोसते. जळण म्हणून लाकूड आणि पाम फळाच्या बियांची टरफलं. आत साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमान असतं. तापमापक कुणी लावत नाही. कारागीर आतला रंग बघतात. गडद लाल म्हणजे अजून वेळ आहे, उजळ लाल-नारिंगी झालं की पुडी मऊ होऊन एकमेकींना धरतात. पुडीच्या मण्यांना पाऊण तास ते तासभर लागतो, खड्यांना त्याहून जास्त धग. साचा आत सारणं आणि काढणं हे काम लांब दांड्याच्या सळईनं कारागीरच करतील, ते त्यांनाच करू द्या. तुम्ही भट्टीच्या तोंडासमोर उभे न राहता बाजूला उभे राहा.

खड्यांचा साचा बाहेर आला की खरी कसोटी. काच अजून मधासारखी मऊ असते आणि हातात काही क्षणच असतात. दोन दाभण लागतात. एक मण्याच्या मध्यात खुपसायचा, दुसऱ्यानं कडेला टेकण देत मणी खळग्यातच गरगर फिरवायचा. फिरताना तो गोल होतो आणि भोक तयार होतं. पहिले तीन-चार मणी कारागिराचे हात बघण्यात घालवा, मग एकच मागा. माझा पहिला मणी एका बाजूला फुगला. दुसऱ्या वेळी कारागिरानं माझ्या हातावर हात ठेवून वेग दाखवला, तेव्हा समजलं की मी फार जोर लावत होते. काच घट्ट झाल्यासारखी वाटली की लगेच थांबा. घट्ट काचेत दाभण रेटला तर ती उडते.

बांगड्यांच्या तुकड्यांचे बारा मणी आम्ही लावले होते. आठ नीट निघाले.

थंड होणं

इथे हात आवरायचा. साचा बाहेर काढल्यावर तो झाकून, वाऱ्यापासून दूर, आपोआप थंड होऊ द्या. मण्याचा बाहेरचा थर आधी आकसतो, आतला अजून गरम असतो. ही ओढाताण सावकाश सुटली तर मणी टिकतो, घाईत थंड केला तर ताण आतच राहतो आणि चार दिवसांनी बॅगेत तडा जातो. पाणी अजिबात नको. साधारण तासाभरात साचा हात लावण्याजोगा होतो, पण मी तरी रात्रभर ठेवायला सांगेन. म्हणूनच दोन दिवस म्हणते. एका दिवसाच्या सहलीत नेमकं इथेच उरकलं जातं.

दुसरा दिवस: रंगाची नक्षी, घासणं, ओवणं

मण्यावर ठिपके किंवा रेघा काढायच्या असतील तर वस्त्रगाळ काचेच्या पुडीत भट्टीचा रंग आणि पाणी घालून दाट मिश्रण करतात. ते सुईनं किंवा टोकदार काडीनं मण्यावर चढवतात. ठिपका पसरत असेल तर पाणी जास्त झालं, तुटक येत असेल तर कमी. एक रंग पूर्ण वाळल्यावरच दुसरा. मग मणी पुन्हा भट्टीत, यावेळी कमी धगीवर, एवढीच की नक्षी वितळून मण्याला धरेल आणि मण्याचा आकार ढळणार नाही. पहिल्यांदा करताना तीन ठिपक्यांवर थांबा.

घासणं म्हणजे पाटा, बारीक वाळू आणि पाणी. मणी पाट्यावर ठेवून तळहाताखाली किंवा दुसऱ्या दगडाखाली पुढे-मागे फिरवायचे. चिनी मातीचा पांढरा थर निघतो, कडा बोथट होतात, अंगावर मंद तकाकी येते. पाणी सतत हवं. कोरडं घासलं तर पुन्हा काचेची धूळ उडते. भोकाच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. तिथे धार राहिली तर महिन्याभरात दोरा कापला जातो, आणि माळ तुटण्याचं हेच सर्वात नेहमीचं कारण. धार असेल तर दाभणाला ओली वाळू लावून भोकात फिरवा.

ओवायला मेण लावलेला जाड सुती दोरा चांगला. काचेचे मणी वजनदार असतात, पातळ नायलॉन ताणून लांबतो. दर दोन मण्यांमध्ये गाठ मारली तर मणी एकमेकांवर आपटत नाहीत, आणि दोरा तुटलाच तरी एकच मणी घरंगळतो. पोत गाठवून घेतलेली असेल त्यांना ही गाठ ठाऊक असेल.

उरलेली पूड, फुटलेले मणी, चुकलेले आकार तिथेच ठेवा. ते पुन्हा खलात जातात. आणि निघताना कारागिराच्या हातचे काही मणी पूर्ण किमतीला विकत घ्या. घासाघीस करू नका, ती एक बाटली कुटायला किती वेळ लागतो ते आता तुमच्या मनगटाला माहीत असतं.

परत आणताना मणी सुट्टे ठेवू नका, ओवून सुती कापडात गुंडाळा. घरी आल्यावर आठवडाभर रोज एकदा उजेडात धरून बघा. तडा जायचा असेल तर तेवढ्यात दिसतो. माझ्या आठांपैकी एक पाचव्या दिवशी गेला. उरलेले सात आईनं मधे काळे मणी घालून स्वतःच ओवले. गेलेल्या मण्याचे दोन तुकडे तिनं उचलले आणि डब्यात टाकले.